'जन गण मन' आणि 'आमार शोनार बांग्ला': एका कवीची दोन राष्ट्रगीतं

सप्तक

रवींद्रनाथ टागोरांनी भारत आणि बांगलादेश या दोन देशांची राष्ट्रगीतं लिहिली, हे स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत असतं आणि विषय तिथेच संपतो. दोन्ही गीतं शेजारी ठेवून वाचलेली माणसं मला फार कमी भेटली. मी हौशी पेटीवादक. सध्या दोन्हींच्या स्वरलिपी घेऊन बसतो आहे. जे हाती लागतंय ते इथल्या जाणकारांपुढे ठेवावं म्हणून हा धागा.

आधी तारखा बघा. कर्झनने केलेली बंगालची फाळणी १६ ऑक्टोबर १९०५ रोजी अमलात आली. 'आमार शोनार बांग्ला' त्याच वर्षीचं, त्या फाळणीविरुद्धच्या स्वदेशी चळवळीतलं. पुढे १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने फाळणी रद्द केल्याचं जाहीर केलं आणि पंधरा दिवसांनी, २७ डिसेंबरला, कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात 'जन गण मन' पहिल्यांदा गायलं गेलं. वंगभंगाची ती सहा वर्षं, त्यांच्या एका टोकाला एक गाणं आणि दुसऱ्या टोकाला दुसरं. मला ही जोडी त्यामुळेच महत्त्वाची वाटते. एकाच माणसाने एकाच जखमेवर दिलेली ही दोन उत्तरं आहेत.

शब्दांचं बघा. आपल्या गीताच्या पहिल्या कडव्यात क्रियापदं जेमतेम तीन: जागे, मागे, गाहे. बाकी सगळी नावं. पंजाब, सिंधु, गुजरात, मराठा, द्राविड, उत्कल, बंग. मग विंध्य, हिमाचल, यमुना, गंगा. देशाची हजेरी घेतल्यासारखं ते पुढे सरकतं. भाषा बंगाली, पण इतकी संस्कृताकडे झुकलेली की मराठी किंवा कन्नड मुलालाही ती परकी वाटत नाही. 'जय' मोजून पाहा, दहा वेळा येतो.

बांगलादेशच्या गीतात 'जय' एकदाही नाही. देशाच्या नावाखेरीज एकाही नदीचं, डोंगराचं, गावाचं नाव नाही. आहे काय, तर फाल्गुनातल्या आमराईचा वेड लावणारा वास, अघ्रानात, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास, भरून आलेलं शेत, वडाच्या मुळाशी आणि नदीच्या काठाकाठाने आईने पसरलेला पदर. आणि शेवटची ओळ अशी, की आई, तुझा चेहरा कोमेजला तर मी डोळ्यांतल्या पाण्यात बुडून जातो. शत्रू नाही, तलवार नाही, कुणाला आव्हान नाही. राष्ट्रगीत रडण्यावर संपतं, हे मला दुसरीकडे कुठे आढळलेलं नाही.

आता सूर. 'जन गण मन' बिलावल रागाच्या अंगाचं, केरवा तालात. सा रे करून गांधारावर येतं आणि तिथे ठाण मांडून बसतं. पेटी शिकणारा प्रत्येक मुलगा ग ग ग ग ग वाजवत सुटतो तो यामुळेच. शेवटाला तीन 'जय हे' पायरीपायरीने खाली येतात आणि 'जय जय जय जय हे' खालच्या षड्जापासून (सा) पुन्हा चढून मध्यमावर (म) थांबतं. षड्जावर परत येत नाही. ऐकताना पुढे अजून काही आहे असं वाटत राहतं, आणि खरंच आहे, पुढची चार कडवी.

'आमार शोनार बांग्ला'ची चाल रवींद्रनाथांची नव्हे. शिलाईदहला टागोरांची जमीनदारी होती, तिथल्या टपाल कचेरीत गगन हरकरा नावाचा माणूस पत्रं वाटायचा आणि बाउल गाणी, म्हणजे बंगालच्या भटक्या भक्त-गायकांच्या वळणाची गाणी, रचून गायचा. त्याचं 'आमि कोथाय पाबो तारे, आमार मनेर मानुष जे रे', म्हणजे माझ्या मनातला माणूस मला कुठे सापडेल, त्या गाण्याची ही चाल, दादरा तालात. एका देशाचं राष्ट्रगीत आज एका खेड्यातल्या पोस्टमनच्या चालीवर उभं आहे. याहून सुंदर गोष्ट मला राष्ट्रगीतांच्या इतिहासात माहीत नाही.

माझं मत सांगतो. गाणं म्हणून 'आमार शोनार बांग्ला' थोर आहे. राष्ट्रगीत म्हणून 'जन गण मन' जास्त पक्कं आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

मीठभाकर

सुंदर धागा. पण शेवटच्या दोन वाक्यांशी असहमत. 'राष्ट्रगीत म्हणून पक्कं' म्हणजे काय? बँडवर चांगलं वाजतं, सगळे ताठ उभे राहतात, बावन्न सेकंदांत संपतं, एवढंच ना? मग स्पेनसारखं बिनशब्दांचं राष्ट्रगीत सगळ्यात उत्तम म्हणायला हवं. देशाबद्दल माणसाला जे वाटतं ते ज्यात आहे ते राष्ट्रगीत. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' असं सरळ पहिल्याच ओळीत सांगणारं गीत मला जास्त खरं वाटतं.

---

पद्मापार

मी मूळचा इचलकरंजीचा, कापड उद्योगातला. काही वर्षं गाजीपूरला होतो, ढाक्याच्या उत्तरेला, निटवेअरचा पट्टा. तेव्हा थोडं जवळून लिहितो.

आपल्याकडे राष्ट्रगीत कुणी काम करताना गुणगुणत नाही. तसं करावंसं कुणाच्या मनात येत नाही, आलं तर बरं दिसणार नाही असं वाटतं. तिथे आमच्या फिनिशिंगच्या मजल्यावर एक मावशी (सगळे त्यांना खालाच म्हणत) शर्टाची घडी घालता घालता 'मॉरि हाय, हाय रे' ही जागा घोळवत असायच्या. घडी, पिन, कॉलरची पट्टी, पुन्हा घडी, आणि तेवढीच एक ओळ. मला आधी वाटलं एखादं भटियाली लोकगीत असेल. १६ डिसेंबरला विजय दिवसाचं झेंडावंदन झालं, सगळे उभे राहिले आणि तीच जागा आली तेव्हा कळलं. मी शेजारच्या सुपरवायझरला विचारलं, असं येताजाता म्हटलेलं चालतं का? तो म्हणाला, 'दादा, गान तो आगे, जातीय संगीत पोरे.' आधी गाणं, मग राष्ट्रगीत.

म्हणून @मीठभाकर यांच्याशी मी सहमत. पण @सप्तक यांचंही एक खरं, शेकडो लोक एकत्र म्हणायला ते अवघड जातं. जागा वळणावळणाच्या आहेत. सपाट गळ्याचे लोक 'हाय रे'ला मागे पडतात आणि पुढच्या ओळीला धावत येऊन गाठतात. तरी २६ मार्च २०१४ रोजी ढाक्यात अडीच लाखांहून अधिक लोकांनी ते एकत्र म्हणून गिनीज विक्रम केला होता.

---

कसबेकर

धागाकर्त्यांनी तारखा दिल्या आहेत, त्यांतूनच प्रश्न उभा राहतो. दरबार १२ डिसेंबरला, गीत २७ डिसेंबरला. पंचम जॉर्ज त्याच सुमारास भारतात. मग 'अधिनायक' आणि 'भाग्यविधाता' कोण? घरी आजोबांपासून हा वाद ऐकत आलोय, कुणीतरी पुराव्यानिशी लिहावं.

---

नोंदवही

@कसबेकर, लिहितो. आदराने विचारलंय म्हणून सविस्तर.

२७ डिसेंबर १९११ हा अधिवेशनाचा दुसरा दिवस. सुरुवातीला 'जन गण मन' झालं. त्यानंतर राजाच्या स्वागताचा ठराव आला आणि रामभुज चौधरी यांनी रचलेलं 'बादशाह हमारा' हे हिंदी गीत मुलांनी म्हटलं. राजाचं गीत ते. दुसऱ्या दिवशी काही इंग्रजी वर्तमानपत्रांच्या बातमीत दोन्हींची सरमिसळ झाली आणि टागोरांनी राजासाठी गीत लिहिल्याचं छापून आलं. तिथून हा प्रवाद चालत आला.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१२ मध्ये, 'तत्त्वबोधिनी पत्रिके'त ते 'भारत-विधाता' या नावाने छापलं गेलं. तत्त्वबोधिनी हे ब्राह्मो समाजाचं मुखपत्र. त्यात राजस्तुती कोण छापेल? ते ब्रह्मसंगीत, म्हणजे प्रार्थनागीत, म्हणून छापलं.

१९३७ साली पुलिनबिहारी सेन यांना लिहिलेल्या पत्रात खुद्द रवींद्रनाथांनी सांगितलंय की सरकारदरबारी वजन असलेल्या एका स्नेह्याने राजासाठी गीत मागितलं होतं. त्या मागणीने ते अस्वस्थ झाले आणि त्या अस्वस्थतेतून त्यांनी युगानुयुगं भारताचा रथ हाकणाऱ्या भाग्यविधात्याचा जयजयकार लिहिला. तो सारथी पाचवा, सहावा, कुठलाच जॉर्ज असू शकत नाही, असा त्या पत्राचा सूर आहे.

पण पत्रही बाजूला ठेवा, गीतच पुढे वाचा. तिसऱ्या कडव्यात 'हे चिरसारथी, तव रथचक्रे मुखरित पथ दिनरात्रि'. चढ-उताराच्या खडतर वाटेवर युगानुयुगं चाललेले यात्रेकरू आणि त्यांचा सारथी. चौथ्यात घोर काळोखी रात्र, देश पीडित आणि मूर्च्छित, त्याच्या उशाशी पापणी न लवता कुणीतरी जागं आहे, आणि मग ओळ येते: 'स्नेहमयी तुमि माता'. इंग्लंडच्या राजाला कुणी स्नेहमयी माता म्हणेल का?

---

कसबेकर

मनापासून आभार. चौथं कडवं मी आयुष्यात पहिल्यांदा वाचतोय.

---

रानजाई

+१. मीही.

आणि @सप्तक, तुमच्या मूळ मुद्द्याला हे चौथं कडवं मोठा आधार देतं असं मला वाटतं. तुम्ही म्हणालात एकात नावांची हजेरी आणि दुसऱ्यात आई. पण आई दोन्हींत आहे. १९०५ मध्ये कवी आईच्या कोमेजलेल्या चेहऱ्याकडे बघून रडतो. १९११ मध्ये मूर्च्छित पडलेल्या लेकराला आई मांडीवर घेऊन बसली आहे. पहिल्यात मूल आईची काळजी करतं, दुसऱ्यात आई मुलाची. आपण एकच कडवं म्हणतो म्हणून आपल्याला आपलं राष्ट्रगीत नुसतं सलामीचं वाटतं.

---

तुतारीवाला

उमेदीची सगळी वर्षं लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. बँडवाल्याची बाजू मांडतो.

राष्ट्रगीत सुरू व्हायच्या आधी ड्रमचा रोल असतो, संथ संचलनाच्या सात पावलांचा. हळू सुरू होतो, चढत जातो, मग उतरत सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहतो. त्यानंतर एका ठोक्याची पूर्ण शांतता आणि मग पहिला सूर. त्या एका ठोक्यात वाजवणाऱ्याची छाती भरलेली असते, ओठ माउथपीसवर असतात आणि समोर हजारो माणसं ताठ उभी असतात. असंख्य वेळा वाजवूनही तो ठोका कधी सवयीचा झाला नाही.

केरवा दोन-दोनच्या पावलात सहज बसतो. दादरा सहा मात्रांचा, झुलता. 'आमार शोनार बांग्ला' पितळी वाद्यांवर बसवायचं तर बाउलाची मींड, हरकत, श्वास सगळं सरळ करावं लागतं. मी ते वाजवलंय, पाहुण्यांच्या स्वागताला दोन्ही राष्ट्रगीतं लागतात. बांगलादेशच्या राज्यघटनेत त्याच्या पहिल्या दहा ओळी राष्ट्रगीत ठरल्या आहेत, पण बँडवर चारच वाजतात. चांगलं वाजतं, भारदस्त वाजतं. पण गगन हरकऱ्याचा एकतारा त्यात उरत नाही. तेव्हा @सप्तक 'पक्कं' म्हणतात त्याला माझी पूर्ण साक्ष.

आणि हा मुद्दा आपल्याकडे निवडीच्या वेळीही निर्णायक ठरला. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी आपल्या प्रतिनिधींकडे राष्ट्रगीत मागितलं गेलं. त्यांच्याजवळ 'जन गण मन'ची ध्वनिमुद्रिका होती, तीवरून तिथल्या वाद्यवृंदाने ते बसवलं आणि ऐकणारे खूश झाले. नेहरूंनी १९४८ मध्ये घटना समितीपुढे हा प्रसंग सांगून धुनेचं महत्त्व मांडलं होतं. 'वंदे मातरम्' बँडवर नीट बसत नाही, हा त्यावरचा मोठा आक्षेप होता.

इथे आपल्या मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांची आठवण काढलीच पाहिजे. त्यांनी 'वंदे मातरम्' झिंझोटी रागात बांधलं, ते बँडवर वाजतं हे दाखवायला त्याची बँडसाठी स्वररचना करून घेतली आणि घटना समितीच्या सदस्यांपुढे प्रात्यक्षिक दिलं. एका गायकाने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या जिद्दीवर लढलेली ती लढाई होती. २४ जानेवारी १९५० रोजी 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरलं आणि 'वंदे मातरम्'ला समान मान मिळाला, त्या समान मानामागे अशा माणसांचं झुंजणं आहे.

---

मीठभाकर

तुतारीवाला काका, तो 'एक ठोका' वाचून अंगावर काटा आला. तरी मी माझ्या मतावर ठाम. गीताने बँडप्रमाणे वाकावं, की बँडने गीतासाठी वाकावं?

---

उल्हासनगरी

नावांच्या हजेरीवरून. २००५ मध्ये राष्ट्रगीतातून 'सिंध' काढावं, कारण तो प्रांत आता भारतात नाही, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने ती फेटाळली.

मी मराठी, पण वाढलो उल्हासनगरात, फाळणीनंतर जिथे सिंधी निर्वासितांची छावणी होती तिथे. आमच्या शेजारच्या दादी लाडकाण्याहून आलेल्या. शाळेच्या मैदानातून राष्ट्रगीत ऐकू आलं की त्या गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या. त्यांचं गाव, घर, दर्या सगळं सीमेपलीकडे राहिलं. त्यांना स्वतःचं राज्य नाही, भाषावार रचनेत त्यांच्या वाट्याला काही आलं नाही. राष्ट्रगीतातला तो एक शब्द त्यांचा. @सप्तक, तुम्ही म्हणता ती नुसती नावं आहेत, पण नाव घेतलं जाणं ही लहान गोष्ट नव्हे. आसामचं, केरळचं, काश्मीरचं नाव त्यात नाही याची खंत तिथल्या माणसांना वाटते, तीही मला समजते.

'आमार शोनार बांग्ला'त कुणाचंच नाव नाही, म्हणून कुणी वगळलंही गेलेलं नाही. पण तिथे चितगावच्या डोंगरात चाकमा राहतात, ज्यांची मातृभाषा बंगाली नाही. त्यांना 'तुझी वाणी माझ्या कानाला अमृतासारखी लागते' ही ओळ म्हणताना काय वाटत असेल? एकाच भाषेवर प्रेम करणाऱ्या गीताची ही बाजूही बघायला हवी.

---

पद्मापार

@उल्हासनगरी, महत्त्वाचा मुद्दा. मी तिथे असताना यावर कुणी मोकळेपणी बोललेलं ऐकलं नाही.

पण त्या भाषेसाठी काय सोसलं गेलं हेही सांगायला हवं. पूर्व पाकिस्तानात रवींद्रनाथ 'आपले' की 'परके' हा वाद सरकारनेच पेटवला. १९६१ च्या जन्मशताब्दीत अडथळे आले, त्याच सुमारास ढाक्यात 'छायानट' ही सांस्कृतिक संस्था उभी राहिली. १९६७ मध्ये रेडिओवरून त्यांची गाणी बंद करण्याची सरकारी घोषणा झाली आणि लेखक-प्राध्यापकांनी विरोधात निवेदन काढलं. १९७० मध्ये जहीर रायहान यांनी 'जीबन थेके नेया' चित्रपटात 'आमार शोनार बांग्ला' घेतलं. मार्च १९७१ मध्ये ढाक्याच्या पलटण मैदानात ते गायलं गेलं.

आणि १७ एप्रिल १९७१. मेहेरपूर भागातल्या बैद्यनाथतळा इथे बांगलादेशच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला, आमराईत. मागे युद्ध चालू, समोर पत्रकार, आणि आंब्याच्या झाडांखाली हे गीत, ज्यात 'फागुने तोर आमेर बने' अशी ओळ आहे. समितीने ठराव करून निवडलेलं हे गीत नव्हे. बंदीतून आणि रस्त्यावरून ते वर आलं, राज्यघटनेने नंतर नुसती मोहोर उठवली.

म्हणूनच २०२४ च्या सत्तांतरानंतर राष्ट्रगीत बदला अशी मागणी झाली, कवी भारतीय आणि गीत वंगभंगाच्या काळातलं म्हणून, तेव्हा लोक रस्त्यावर उभे राहून ते एकत्र गायले. बदलण्याचा विचार नाही, असं हंगामी सरकारकडून सांगितलं गेलं.

---

हावडा_मेल

कोलकात्यात दोन पिढ्यांपासून राहणारी मराठी. इथली बाजू थोडक्यात.

हे गाणं इकडच्याही बंगालचं आहे, इथेही रवींद्र-जयंतीला म्हणतात. फाळणीला विरोध करण्यासाठी लिहिलेलं गीत फाळणी झालेल्या बंगालच्या एका तुकड्याचं राष्ट्रगीत झालं, ही वेदना इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात येते. ज्यांची घरं बारिसाल, फरीदपूरला राहिली त्यांच्या तर नक्कीच. २०२३ मध्ये पश्चिम बंगालने राज्यगीत निवडलं तेही १९०५ च्या त्याच चळवळीतलं, 'बांग्लार माटी, बांग्लार जॉल'. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकाच वर्षातली, एकाच माणसाची गाणी उचलली. आपल्याकडे त्याच २०२३ मध्ये 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं, त्याच्या पहिल्याच कडव्यात नद्यांची नावं आहेत. आपल्याला नावं घेतल्याशिवाय चैन पडत नाही, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

---

सप्तक

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले.

@मीठभाकर, बँड हे माझं कारण नव्हे, ते तुतारीवाला काकांनी माझ्याहून चांगलं सांगितलं. माझं कारण वेगळं. 'आमार शोनार बांग्ला' म्हणायला त्या मातीवर आधी प्रेम असावं लागतं. 'जन गण मन' म्हणायला ते आधी असावं लागत नाही. ज्याने कधी विंध्य पाहिला नाही, ज्याला उत्कल म्हणजे ओडिशा हे माहीत नाही, त्यालाही ते रांगेत उभं करून सगळ्यांबरोबर आवाज लावायला सांगतं. दूरदूरच्या, एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांच्या देशाला असंच गीत लागतं. @उल्हासनगरी यांच्या दादी आणि चाकमा मुलं, ही दोन उदाहरणं एकत्र वाचली की माझं मत अधिकच पक्कं होतं.

@रानजाई, आई दोन्हींत आहे हे तुम्ही नेमकं धरलंत. ते माझ्या टिपणात नव्हतं, आता उतरवून घेतलं.

---

मीठभाकर

मान्य नाही, पण समजलं. मला अजूनही वाटतं की आधी प्रेम मागणारं गीत हेच मोठं, ते माणसाला सूट देत नाही.

---

शाळामास्तर

जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. हा धागा वाचून ठरवलं की सातवी-आठवीच्या मुलांना रवींद्रनाथांच्या जन्मदिवसाच्या, ७ मेच्या सुमारास, सुट्टीतल्या शिबिरात, ही दोन्ही गीतं शिकवायची. पाचही कडवी जमणार नाहीत. कुठली घेऊ? आणि बांगलादेशचं गीत आमच्या मुलांच्या गळ्याला झेपेल का?

---

सप्तक

गुरुजी, उत्तम कल्पना. पाचही कडव्यांना चाल एकच आहे, त्यामुळे सुरांचं वेगळं काही शिकवावं लागणार नाही. दुसरं घ्या, 'हिंदु बौद्ध शिख जैन पारसिक मुसलमान ख्रिस्तानी' ही ओळ मुलं लगेच उचलतात. आणि चौथं घ्याच. 'घोर तिमिर घन निविड निशीथे, पीडित मूर्च्छित देशे' याला जीभ अडखळते, तेव्हा आधी सुराशिवाय, टाळीवर, चार-पाच वेळा म्हणून घ्या. ही कडवी राष्ट्रगीत म्हणून ठरलेल्या भागात येत नाहीत, हे मुलांना सांगून वेगळ्या वेळी गाणं म्हणून घ्यावीत.

'आमार शोनार बांग्ला' पहिल्या चार ओळींपर्यंत नक्की झेपेल. पेटीपेक्षा एकतारी किंवा तुणतुणं मिळालं तर ते वापरा, आणि दादऱ्याचा ठेका ढोलकीवर अगदी हलका ठेवा. 'मॉरि हाय, हाय रे' ही जागा एखाद्या तयार गळ्याच्या मुलीला एकटीला द्या, बाकीच्यांनी पुढच्या ओळीला यावं. आणि ते म्हणताना मुलांना उभं राहायला सांगा, तेही एका देशाचं राष्ट्रगीत आहे.